दहाच्या खालचा आकडा

अँटी-एचबीएस टायटर: ६.४. म्हणजे हिपॅटायटिस बीशी लढणाऱ्या अँटीबॉडी माझ्या रक्तात किती आहेत त्याचं मोजमाप. शेजारच्या रकान्यात लॅबने छापलेलं वाक्य होतं, १० पेक्षा कमी म्हणजे संरक्षण नाही. एकक मिली आंतरराष्ट्रीय युनिट प्रति मिलीलिटर, पण ते वाचायला त्या क्षणी डोळे थांबतच नाहीत. मी इंदूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात डायलिसिसची स्टाफ नर्स आहे. हिपॅटायटिस बीच्या, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या विषाणूच्या काविळीच्या, लसीचे तिन्ही डोस मी २००५ साली नर्सिंग कॉलेजात असताना घेतले. तेव्हापासून जिथे जिथे नोकरी केली तिथे तिथे फॉर्मवर ‘लस झाली आहे का’च्या पुढे ‘हो’ लिहीत आले. त्या ‘हो’च्या भरवशावर इतकी वर्षं रक्तात हात घालून काम केलं, आणि आता हा कागद सांगत होता की बाई, तुझ्याकडे काहीच नाही.

ही तपासणी मी हौसेने केलेली नव्हती.

२०२४ चा पावसाळा. दुपारची शिफ्ट संपत आलेली. रामबागेतले एक मराठी काका आठवड्यातून तीनदा आमच्याकडे डायलिसिसला येतात. त्यांचं मशीन थांबलं, रक्त परत देऊन झालं आणि मी फिस्टुलातली, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून केलेल्या रक्तवाहिनीतली, सुई काढत होते. तेवढ्यात त्यांच्या पोटरीत गोळा आला. डायलिसिसच्या शेवटी शेवटी हे नेहमीचं, अंगातलं पाणी जरा जास्त निघालं की येतोच. काकांनी कळवळून हात झटकला आणि सुई ग्लोव्हमधून माझ्या बोटात गेली.

फिस्टुलाची सुई म्हणजे इंजेक्शनची बारीक सुई नव्हे. सोळा गेजची, आतून पोकळ, आणि त्या पोकळीत ताजं रक्त. सुई टोचल्यावरच्या धोक्याचे आकडे आम्हा सगळ्यांना पाठ असतात. एचआयव्ही सुमारे ०.३ टक्के. हिपॅटायटिस सी दोन टक्क्यांच्या आत. आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी ६ ते ३० टक्के, समोरच्याच्या रक्तात विषाणू किती आहे त्यावर. लोक घाबरतात एचआयव्हीला. आमच्या युनिटमध्ये घाबरायचं असतं ते बीला. तो वाळलेल्या रक्तात, टेबलावर, मशीनच्या बटणावर सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून तर बी पॉझिटिव्ह पेशंटचं मशीन आणि खोली दोन्ही वेगळी असतात.

आमचा टेक्निशियन पोरगा धावत आला. ‘दीदी, दबाओ, दबाके खून निकालो.’ दाबायचं नसतं, चोखायचं तर नसतंच नसतं, स्पिरिटही ओतायचं नसतं. साबण आणि वाहतं पाणी, बस्स. सुई आधी पांढऱ्या डब्यात टाकली, मग नळाखाली हात धरून उभी राहिले. काका पलंगावरून विचारत होते, ‘माझ्यामुळे झालं का गं पोरी?’

पुढची कागदपत्रं मला तोंडपाठ आहेत, कारण दुसऱ्यांची मीच भरून देते. किती वाजता, कुठली सुई, किती खोल, ग्लोव्ह होता का, रक्त कोणाचं. इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर आल्या, काकांची संमती घेऊन त्यांचं रक्त पाठवलं, माझंही पाठवलं. एचआयव्हीची रॅपिड टेस्ट तासाभरात निगेटिव्ह आली. बी आणि सी काकांच्या फाइलमध्ये निगेटिव्हच होते, तरी पुन्हा केले, आणि रात्री तेही निगेटिव्ह आले. एचआयव्हीची औषधं सुरू करायची वेळ आली नाही. बी पॉझिटिव्ह रक्त असतं तर चोवीस तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या तयार अँटीबॉडी, टोचून घ्याव्या लागल्या असत्या. तेही टळलं. गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

पण ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘तुमचं टायटर किती होतं?’

‘कधी केलेलंच नाही.’

‘तिसऱ्या डोसनंतर?’

‘तेव्हा कुणी करतच नव्हतं, सर.’

आणि हे अगदी खरं आहे. आमच्या बॅचला लस मिळाली हेच अप्रूप होतं. आधीची परदेशी लस नर्सिंगच्या मुलींच्या खिशाला झेपणारी नव्हती. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने शॅनव्हॅक-बी काढली, ती भारतात बनलेली पहिली रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुक बदललेल्या पेशींकडून बनवून घेतलेली, लस. त्यानंतर किंमत एकदम खाली आली आणि कॉलेजं अख्ख्या बॅचला रांगेत उभं करून लस द्यायला लागली. शून्य, एक आणि सहा महिने. दंडावर डोस, कार्डावर शिक्का. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून टायटर बघायचं असतं, हे पुस्तकात होतं. प्रत्यक्षात ज्या तपासणीला लसीपेक्षा जास्त पैसे लागतात ती कोण करणार?

माझ्या रक्ताच्या तपासण्यांत एक कोअर अँटीबॉडीचीही होती. ती निगेटिव्ह आली. तिचा अर्थ असा की मला हा आजार नकळत कधी होऊन गेलेला नाही. लशीत विषाणूचं फक्त बाहेरचं प्रथिन असतं, यीस्टमध्ये बनवलेलं. त्यामुळे लशीने फक्त त्याच्याविरुद्धची अँटीबॉडी तयार होते, आतल्या गाभ्याविरुद्धची होत नाही. म्हणजे माझ्याकडे जे काही होतं ते सगळं २००५ च्या लशीचं होतं. आणि ते होतं ६.४.

घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, ‘मग परत तीन घे, त्यात काय?’ आईचं वेगळंच. ती फोनवर म्हणाली, ‘एकदा घेतली की टिकते म्हणून तर तीन-तीन घेतलीस ना?’ तिच्या प्रश्नात दम होता. लस कार्ड तिच्याकडेच होतं, रामबागेतल्या घरी, मार्कशीटांच्या पिशवीत. मी गेले तेव्हा पिशवी टेबलावर काढून ठेवलेली. कार्डावर तीन तारखा, तीन सह्या, एक पुसट शिक्का. दोन डोसांच्या पुढे बॅच नंबरही होता. हे कार्ड नसतं तर मला ‘लस झाल्याचा पुरावा नाही’ या खान्यात टाकलं असतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं असतं. तुमच्या घरात कुणी नर्सिंग किंवा मेडिकलला असेल तर त्याचं कार्ड कुठे आहे ते आजच बघा.

कार्ड घेऊन मी आमच्या मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमकडे गेले. मॅडम मराठीच. माझा चेहरा बघून त्यांनी आधी चहा सांगितला, मग कागद हातात घेतला.

‘हा सहा पॉइंट चार मला काहीच सांगत नाही,’ त्या म्हणाल्या.

मला वाटलं धीर देताहेत. पण मुद्दा तसा नव्हता. मॅडमनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. लस घेतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत अँटीबॉडी सर्वांत वर जातात. कुणाच्या शंभरापर्यंत, कुणाच्या हजारांत. मग उतरायला लागतात. पहिल्या वर्षात भराभर, कारण सुरुवातीच्या अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी थोडे दिवस जगतात आणि खुद्द अँटीबॉडीचं रक्तातलं प्रमाण सुमारे तीन आठवड्यांत अर्ध्यावर येतं. नंतर उतार मंदावतो, कारण अस्थिमज्जेत बसलेल्या काही पेशी वर्षानुवर्षं थोडी थोडी भर घालत राहतात. ज्याची सुरुवात हजारापासून झाली तो वीस वर्षांनीही दहाच्या वर असू शकतो. ज्याची साठ-सत्तरपासून झाली तो काही वर्षांतच खाली येतो. हे उतरणं ठरलेलंच आहे, त्यात बिघाड कुठलाच नाही.

आता १९ वर्षांनी कुणाचं टायटर ६.४ आलं, तर त्याच्यामागे दोन अगदी वेगळी माणसं असू शकतात. एक, ज्याचं टायटर २००५ मध्ये चांगलं चढलं होतं आणि आता उतरलंय. हा माणूस सुरक्षित आहे. दुसरा, ज्याचं कधी चढलंच नाही. निरोगी तरुणांतही शंभरात पाच-दहा असे निघतात, आणि चाळिशीनंतर लस घेतली, वजन जास्त असलं, सिगरेट असली, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असला की त्यांची संख्या वाढते. लस दंडाऐवजी कमरेत टोचली असली तरी कमी चढतं. वाटेत कुठे लस गोठली असली तर ती निकामीच होते. हा दुसरा माणूस सुरक्षित नाही. आकडा दोघांचा एकच.

म्हणून नियमात ती एक-दोन महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीत एकदा दहा किंवा त्याहून जास्त आल्याचा कागद ज्याच्याकडे आहे, त्याला पुढे पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तरी बीसाठी काहीही द्यायचं नसतं. त्याचं टायटर त्या दिवशी दहाच्या खाली असलं तरी नाही. हे ऐकून मी थक्क झाले. इतकी वर्षं सुई टोचलेल्यांचे फॉर्म भरतेय आणि हा रकाना मी ‘टायटर बघून ठरवा’ असाच वाचत होते.

‘मग मी यातली कोण?’ मी विचारलं.

‘ते तुझ्या शरीरालाच विचारायचं. एक डोस घे, महिन्याने रक्त दे.’

याला चॅलेंज डोस म्हणतात. शरीराने हे प्रथिन पूर्वी एकदा ओळखलेलं असेल तर ती ओळख जपून ठेवणाऱ्या स्मृतिपेशी जाग्या होतात आणि टायटर झपाट्याने वर उसळतं. पूर्वी ओळखलेलंच नसेल तर एका डोसाने फारसं काही होत नाही आणि मग उरलेले दोन डोस घेऊन पूर्ण कोर्स परत करायचा.

मॅडमनी अलास्काचं सांगितलं. तिथल्या मूळ रहिवाशांत हिपॅटायटिस बी फार होता, म्हणून १९८१ मध्ये दीड हजारांवर लोकांना लस देऊन संशोधक त्यांच्यामागे वर्षानुवर्षं लागून राहिले. तीस वर्षांनी, मध्ये एकही डोस न घेतलेल्यांपैकी ५१ टक्के लोकांचं टायटर अजून दहाच्या वर होतं. जे खाली आले होते त्यांच्यातल्या ८५ जणांना एक डोस देऊन बघितलं, तर ७५ जणांचं टायटर उसळलं. म्हणजे आकडा अर्ध्या लोकांचा गेला होता, पण लशीची स्मृती बहुतेकांची शाबूत होती.

हे सगळं पटत होतं. पण डोक्यात एक प्रश्न घोळत होता आणि तो कोविडचा होता.

१६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं ते आमच्यापासून, म्हणजे आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. तेव्हा कोविशील्डच्या दोन डोसांत २८ दिवसांचं अंतर होतं. ते पुढे वाढत वाढत १२ ते १६ आठवड्यांवर गेलं, पण आमचे दोन्ही डोस तोवर होऊन गेले होते. दुसरी लाट सरली आणि इंदुरात अँटीबॉडी टेस्टची लाट आली. लॅबवाले पॅकेज विकायला लागले. सोसायटीच्या ग्रुपवर लोक दहावीच्या मार्कांसारखे आकडे टाकत होते. आमच्या शेजारच्या काकांचं ‘२५० पेक्षा जास्त’ आलं तर त्यांनी मास्क हनुवटीवर घेतला. जाऊबाईंचं दुसऱ्या लॅबमधून काही हजारांत आलं, तर काकांना वाटलं आपलं कमी आहे. खरं तर एका मशीनवर ०.८ च्या वर पॉझिटिव्ह धरायचे आणि रक्त पातळ न करता २५० च्या पुढे ते मोजायचंच नाही. दुसऱ्यावर पॉझिटिव्हची सीमाच ५० होती. दोघांची युनिटं वेगळी. पण तेव्हा हे ऐकून कोण घेणार!

आमच्या स्टाफ रूममध्येही तेच. ज्यांना आधी कोविड होऊन गेला होता त्यांचे आकडे मोठे. ज्यांना नव्हता त्यांचे लहान, आणि सहा महिन्यांनी परत केले तर आणखी लहान. आयसीएमआरच्या चौथ्या सेरोसर्व्हेत, म्हणजे लोकांच्या रक्तातल्या अँटीबॉडींच्या पाहणीत, जून-जुलै २०२१ मध्ये, देशातल्या ८५.२ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांत अँटीबॉडी सापडल्या होत्या. मध्य प्रदेशात सर्वसामान्य लोकांतही ७९ टक्के, सगळ्या राज्यांत जास्त. आम्ही निर्धास्त झालो. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन आला आणि दोन डोसवाले आम्ही एकामागून एक घरी बसलो. मोठ्या आकड्याचे बसले, लहान आकड्याचेही बसले. आमच्या युनिटमध्ये कुणाला ॲडमिट व्हावं लागलं नाही. पण दोन शिफ्टची माणसं तीन शिफ्टला पुरवताना जी त्रेधा उडाली ती विचारू नका, कारण डायलिसिस पुढे ढकलता येत नाही. त्याच महिन्यात १० तारखेपासून आम्हाला ‘प्रिकॉशन डोस’, म्हणजे तिसरा डोस, सुरू झाला. दुसऱ्या डोसाला नऊ महिने झालेले असले तरच मिळायचा.

म्हणून मी मॅडमना विचारलं. तुम्ही म्हणता स्मृती शिल्लक असली की पुरे. मग कोविडमध्ये स्मृती कुठे गेली होती?

‘कुठेही गेली नव्हती,’ त्या म्हणाल्या. ‘तिला वेळ मिळाला नाही.’

त्या दिवशी मला जे खरोखर नवीन कळलं ते हे. स्मृतिपेशींना जागं होऊन अँटीबॉडीचा साठा उभा करायला काही दिवस लागतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसायला एक ते सहा महिने लागतात, सरासरी तीनेक महिने. म्हणजे तो दार उघडून आत येईपर्यंत स्मृती निवांत उठून सगळी तयारी करते. रक्तात त्या दिवशी एकही अँटीबॉडी नसली तरी चालतं. ओमायक्रॉनला मात्र तीनेक दिवस पुरत होते. स्मृती जागी होईपर्यंत नाक-घशात संसर्ग होऊन गेलेला असायचा. तिथे संसर्ग अडवायचा तर अँटीबॉडी आधीपासून रक्तात, खरं तर नाकात, हजर हव्यात. आणि त्या तर उतरलेल्या. वर विषाणूनेही रूप बदललेलं. स्मृती उशिरा पोचायची ती फुप्फुसं वाचवायला. म्हणून आम्ही आजारी पडलो, पण ऑक्सिजनवर गेलो नाही.

ब्रिटनमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांवरच ‘सायरन’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात फायझरच्या दोन डोसांनी संसर्गापासून मिळणारं संरक्षण सुरुवातीच्या दोन-अडीच महिन्यांत ८५ टक्के होतं, ते साडेसहा महिन्यांच्या आसपास ५१ टक्क्यांवर आलं. लस दुसरी, देश दुसरा, पण आमच्या स्टाफ रूममध्ये जे दिसलं त्याच्याशी ते जुळतं.

तेव्हा लशीच्या अँटीबॉडी किती टिकतात या प्रश्नाला एकच उत्तर नाही. समोरचा आजार किती घाईत आहे ते आधी विचारायला हवं. दहा हा आकडा हिपॅटायटिस बीसाठी अभ्यासातून ठरलेला आहे आणि त्याचा अर्थही ठराविक वेळीच पक्का लागतो. कोविडसाठी असा सर्वमान्य आकडाच नव्हता. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, मे २०२१ मध्येच सांगितलं होतं की लशीनंतर आपण सुरक्षित आहोत का ते बघायला अँटीबॉडी टेस्ट वापरू नका. आमच्या शेजारच्या काकांपर्यंत ते पोचलं नाही, आणि पोचलं असतं तरी त्यांनी टेस्ट केलीच असती.

चॅलेंज डोस मी दुसऱ्याच दिवशी घेतला. डाव्या दंडात, आमच्याच इमर्जन्सीत. संध्याकाळी दंड थोडा ठणकला, एवढंच. सासूबाईंनी हळदीचं दूध दिलं आणि मी ते प्यायले.

मग वाट बघणं. महिन्याच्या आत रक्त दिलं तर उत्तर अर्धवट येतं, म्हणून थांबावंच लागतं. त्या महिन्यात मी माझ्या पेशंटांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. त्यांनाही आम्ही हीच लस देतो, पण नियम पार वेगळे. किडनी गेलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती लशीला नीट दाद देत नाही. म्हणून त्यांना दुप्पट, म्हणजे चाळीस मायक्रोग्रॅमचा डोस, आणि तोही चार वेळा: शून्य, एक, दोन आणि सहा महिने. शिवाय दरवर्षी टायटर. दहाच्या खाली गेलं की बूस्टर. निरोगी माणसाला वीस वर्षांनी आकडा उतरला तरी बूस्टर लागत नाही आणि यांना दरवर्षी बघायचं, कारण यांच्या स्मृतीवर भरवसा ठेवता येत नाही. यांच्यासाठी रक्तातला आकडा हेच संरक्षण. वर्षानुवर्षं मी या टायटरचे रिपोर्ट फाइलला लावत होते. पण पेशंटला बूस्टर का आणि मला का नाही, हे कधी एकत्र ठेवून बघितलं नव्हतं.

काकांना मी हे थोडक्यात सांगितलं. त्यांना बरं वाटावं म्हणूनही, कारण त्या दिवसापासून सुई काढताना ते श्वास रोखून पडून असायचे, हात दगडासारखा. त्यांना अलास्काचे तीस वर्षांचे लोक फार आवडले. काका हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा चेक निघाला २०२३ च्या डिसेंबरात. ‘बत्तीस वर्षांनी आमचे पैसे आले की नाही? तुझं पण येईल बघ. शरीराने हिशेब ठेवला असेल तर येतं.’ शेजारच्या पलंगावरचे गुप्ताजी हसले. काकांच्या सोबतचे किती तरी जण चेक बघायला उरलेच नव्हते, हेही काकांनीच पुढे सांगितलं, पण तेवढ्याच सहज सुरात.

रिपोर्ट आला तेव्हा मी ड्यूटीवर होते. फोनवर उघडला. ८१२.

६.४ वरून ८१२, एका डोसात. म्हणजे मी त्या दोघांतली पहिली होते. लस २००५ मध्येच लागलेली होती, आणि ज्या वर्षांत मी निर्धास्त काम केलं ती निर्धास्ती खोटी नव्हती. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, छान, आता हा कागद प्लॅस्टिकमध्ये घाल, आणि यापुढे कुणी टायटर कर म्हटलं तर हा दाखव, परत करू नकोस. आठशेचं परत दोनशे होईल, वीस होईल, आणि तू परत घाबरशील.

आईच्या प्रश्नाचं उत्तर आईला दिलं. ती म्हणाली, ‘मी म्हटलं नव्हतं?’

पण आमच्या युनिटमधल्या एका सिस्टरची गोष्ट अशी सरळ झाली नाही. माझ्यानंतर चौघींनी टायटर करून घेतलं. तिचं २ आलं. चॅलेंज डोसनंतर ४. मग तिने पूर्ण कोर्स केला, आधीचे तीन धरून सहा डोस झाले, आणि महिन्याने ७. सहा डोसांनंतरही दहा गाठलं नाही की त्याला नॉन-रिस्पॉन्डर म्हणायचं. पुढे डोस देत बसायचं नाही. तिला हा आजार आधीच तर नाही ना, हे पाहायला एचबीएसएजी (विषाणूचं बाहेरचं प्रथिन) आणि कोअर अँटीबॉडी दोन्ही तपासले, निगेटिव्ह. मग तिच्या फाइलवर ठळक लिहिलं गेलं: पॉझिटिव्ह रक्ताचा संपर्क झाला तर प्रत्येक वेळी इम्युनोग्लोब्युलिन, दोन डोस, एक महिन्याच्या अंतराने. ती रडली. तिला वाटलं नोकरी जाईल. नोकरी गेली नाही, पण पॉझिटिव्ह खोलीतली ड्यूटी तिला देऊ नये असं मी लिहून दिलं आणि बऱ्याच घासाघिशीनंतर ते मान्य झालं. मला जे समाधान ८१२ ने मिळालं त्यापेक्षा तिच्या फाइलवरची ती ओळ जास्त उपयोगाची आहे, कारण इतकी वर्षं तीही फॉर्मवर ‘हो’च लिहीत होती.

राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लस द्यायची हे त्यात आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटिस बीचे सुमारे २.९८ कोटी रुग्ण होते. त्यांतल्या बहुतेकांना स्वतःलाच माहीत नसतं, मग सुई टोचलेल्या नर्सला कुठून कळणार? लस देणं आता बऱ्याच ठिकाणी होतं. टायटरचं मात्र अजून ‘नंतर बघू’ असंच आहे. आमच्याकडे इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरांनी आणि मी मिळून रुजू होतानाच्या फॉर्मवर एक रकाना वाढवून घेतला: तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांतलं टायटर, आणि तारीख. आधी अकाउंट्सने खर्चावरून कुरकुर केली. इम्युनोग्लोब्युलिनच्या एका डोसाची किंमत दाखवल्यावर थांबली.

तो रकाना सगळ्यात आधी रिकामा सोडला तो आमच्या ‘दबाओ, खून निकालो’वाल्या टेक्निशियनने. ‘दीदी, मेरा तो बचपन में ही हो गया, मम्मी के पास कार्ड है.’ लहानपणी लस मिळालेल्या मुलांचं टायटर या वयापर्यंत बहुधा दहाच्या खाली येतंच. त्याचं ३ आलं. त्याने ते बघून मला फोन केला, आवाज कापरा. मी म्हटलं, घाबरू नकोस, हा आकडा काहीच सांगत नाही, उद्या सकाळी इमर्जन्सीत ये, एक डोस घेऊ आणि महिन्याने बघू. त्याचं रक्त पुढच्या सोमवारी जायचं आहे.